‘स्वच्छेने’ दिलेल्या राजीनाम्यातील अकरा चुका

प्रति,
मा. कामगार अधिकारी,
कामगार कार्यालय, दुसरा मजला.

विषय : सक्तीने घेतलेला राजीनामा रद्दबातल ठरवून कामावर पुन्हा रुजू करून घेण्याबाबत.

संदर्भ : व्यवस्थापनाचे दि. ६ जूनचे पत्र (परिच्छेद ४ पाहावा, घाई असल्यास तोच आधी वाचावा).

महोदय,

१. मी एका ग्रंथप्रकाशन संस्थेत बावीस वर्षे मुद्रितशोधक आहे. ‘होते’ असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. वाद या एका क्रियापदाचाच आहे. संचालकांच्या भाषणसंग्रहाला मी जोडलेले शुद्धिपत्र प्रस्तावनेपेक्षा दोन पानांनी मोठे झाले, हा माझा अपराध.

२. दि. २ जून रोजी व्यवस्थापकांनी मला बैठकीच्या खोलीत बोलावून एक टंकलिखित कागद पुढे सरकवला. त्यांचे शब्द असे : “बाई, उगीच ताणू नका. सही करा आणि मोकळ्या व्हा. नाहीतर असा शेरा मारीन, की कुठे दारातसुद्धा उभं करणार नाहीत.” खोलीला बाहेरून कडी लावलेली होती, त्यामुळे ‘मोकळ्या व्हा’ हा शब्दप्रयोग मला समर्पक वाटला. हे अडीच तास चालले.

३. आता माझ्या हातून घडले ते नमूद करणे भाग आहे. कागदाचे पहिलेच वाक्य होते : ‘मी स्वच्छेने राजिनामा देत आहे.’ माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. सात ओळींत अकरा चुका निघाल्या. ‘स्वच्छेने’चे मी ‘स्वेच्छेने’ केले आणि समासात प्रथेप्रमाणे शंका नोंदवली : ‘विधान वस्तुस्थितीशी विसंगत. लेखकाने खुलासा करावा.’ मग कोपऱ्यात ‘वाचले, दुरुस्ती आवश्यक’ असे लिहून लघुस्वाक्षरी केली. व्यवस्थापकांनी कागद उचलला, कडी काढवली आणि माझे अभिनंदन केले. त्या लघुस्वाक्षरीलाच ते माझी संमती म्हणतात. अशी लघुस्वाक्षरी मी दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकावरही केलेली आहे. म्हणून अद्याप कोणी माझ्याकडे दात उपटून घ्यायला आलेले नाही. घरी सासूबाई म्हणाल्या, “अगं, उद्या चोर धमकीची चिठ्ठी टाकून गेला, तरी तू आधी वेलांट्या सुधारशील!” हा आरोप मला मान्य आहे, राजीनाम्याचा नाही. तसे, आणि तो राजीनामा समजला जात असल्यास मागे घेत असल्याचे, मी दुसऱ्याच दिवशी लेखी कळवून पोच घेतली.

४. त्यावर दि. ६ जूनचे उत्तर आले. ते तपासायला संस्थेत कोणी उरले नव्हते. त्यात म्हटले आहे : ‘आपला राजीनामा अमान्य करण्यात येत आहे.’ एका ‘अ’ने इतके न्याय्य वाक्य त्या टेबलावरून प्रथमच बाहेर पडले असावे. मी आज्ञेनुसार कामावर हजर झाले. दारवान गोंधळले : “ताई, आत सोडू नका म्हणालेत. पण कागदावर तर अमान्य लिहिलंय. मग मी तुम्हाला अडवू की बसवू?” अखेर त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. तेव्हापासून मी रोज दहा ते सहा फाटकाशी बसते. जेवणाच्या सुट्टीत अक्षरजुळणी विभागातील सहकारी पाने घेऊन येतात; कामात खंड नाही.

५. वकिलांच्या मते माझ्यापुढे तीन वाटा आहेत. धाकाने घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, ती चौकशीविना केलेली बडतर्फी, असे म्हणता येते. तो राजीनामा मानलाच, तर स्वीकारण्यापूर्वी मी तो मागे घेतला आहे. आणि व्यवस्थापनाचे पत्र खरे मानल्यास तो नाकारला गेला आहे. तिन्ही वाटा माझ्याच टेबलाशी येऊन थांबतात. तरी मूळ कागद लाल शाईसह हजर करण्याचा आदेश देऊन सुनावणी घ्यावी आणि सेवा अखंड धरून मला कामावर घ्यावे, ही विनंती.

६. काल व्यवस्थापकांनी दारवानांकरवी राजीनामा मंजूर केल्याच्या नव्या पत्राचा मसुदा फाटकावर पाठवला. सोबत चिठ्ठी : ‘बाई, तेवढं नजरेखालून घाला.’ मसुदा सोबत जोडला आहे. त्यात सात चुका आहेत. बावीस वर्षांत प्रथमच मी एकीलाही हात लावलेला नाही.

आपली नम्र आणि अद्याप नोकरीत असलेली,
(पूर्ण स्वाक्षरी; लघुस्वाक्षरी नव्हे)
मुद्रितशोधक
दि. १६ जून

सोबत :
१) दि. ३ जूनच्या पत्राची पोच
२) दि. ६ जूनचे ‘अमान्य’ पत्र
३) नवा मसुदा, चिठ्ठीसह (जसाच्या तसा)