जित्या बाईच्या फोटोले हार

गोंदिया, १९५६

माय,
तुह्या पाया पडतो. उद्या लिहू म्हणत पत्र राहूनच गेलं. मी बरा आहे, जेवाले भेटते. तुहा गुडघा कसा आहे?

इथं राईस मिलच्या गोदामात देशोदेशीच्या फोटोंची स्पर्धा अन् प्रदर्शन आहे. आम्ही पोरं फुकट राबून राहिलो. जपानचा बर्फ अगदी भातासारखा दिसते! ते जाऊ दे.

उद्घाटन म्हणून मिलच्या शेटजीनं सगळ्याच फोटोले झेंडूचे हार घातले! त्यात एक फोटो बिडी वळणाऱ्या शामकलाचा. बाई जितीजागती, बाजूच्या गल्लीत राहते! मी म्हटलं, "शेटजी, हार मेलेल्याच्या फोटोले घालतात." तर म्हणे, "चुप बैठ, ये सजावट है." मी हार काढला, त्यानं पुन्हा घातला. आता परत काढतो, हाकललं तरी चालेल.

थांब माय. शामकलाच आली, नवं लुगडं नेसून, सासूचा हात धरून, आपला फोटो पाहाले, अन् हार अजून फोटोवरच आहे! तिले तर कोणी बोलावलंही नव्हतं.

तुहा,
चैतराम