नऊ नंबरचा पट्टा विसरण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
नवउद्योग व कृत्रिम बुद्धिमत्ता विकास कक्ष,
प्रादेशिक कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : एल्विनो प्रोदान, वय ६८, धंदा : कुत्री घेऊन जंगलात ट्रफल शोधणे, मु. पो. माला ग्राबा, मिर्ना नदीचे खोरे, इस्त्रिया.

विषय : माझी कुत्री नेरा हिच्या दोन हंगामांतील फेऱ्या यंत्राच्या स्मरणातून काढून टाकण्याबाबत. (अर्ज दुसरा)

संदर्भ : १) आपले दि. ६ नोव्हेंबरचे पत्र, ज्यात "यंत्राने एकदा शिकलेले त्याला विसरायला लावता येत नाही" असे कळविले आहे.
२) माझी कन्या लोरेदाना हिने आमच्या स्वयंपाकघरात दिलेले तोंडी आश्वासन. तारीख आठवत नाही. फुझी, म्हणजे आमच्याकडचा पास्ता, शिजत होती.

सन्माननीय महोदया,

१. खाली सही करणारा मी आयुष्यात कधी कुठल्या कचेरीची पायरी चढलो नव्हतो, तो दोन महिन्यांत दुसऱ्यांदा आपणांस तसदी देत आहे. पहिला अर्ज एका पानाचा होता. त्यावर आपण जे उत्तर दिले ते मी तीनदा वाचले, त्यामुळे या वेळी सविस्तर लिहिणे भाग आहे.

२. मी एक्केचाळीस वर्षे ट्रफल, म्हणजे झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी, शोधतो. परवाना सोबत जोडला आहे. या धंद्यात आमच्याकडे लेखी नियम एकच, की खणलेला खड्डा पुन्हा बुजवावा. न लिहिलेला नियमही एकच, की जागा कुणाला सांगू नये. बाकी सगळी अळीमिळी गुपचिळी. माझे वडील झ्वाने प्रोदान यांनी मरणाच्या आदल्या दिवशी नर्सला खोलीबाहेर काढले, मला वाकायला सांगितले आणि माझ्या कानात सात जागा सांगितल्या. सातवी, म्हणजे जुन्या गिरणीच्या पाटाकडेचे पॉपलरचे झाड, सांगताना त्यांचा आवाज गेला होता, म्हणून ती त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने काढून दाखविली. एवढीच आमची इस्टेट. माझी पत्नी कै. फुमिया हिलादेखील मी त्या जागा सांगितल्या नाहीत. ती म्हणे, "बाहेरची बाई ठेवली असतीस तर परवडलं असतं. निदान तिचं नाव तरी कळलं असतं मला." तरीही मी बोललो नाही. ती गेली तेव्हाही नाही. याचे मला आज किती वाईट वाटते ते लिहायला या अर्जात रकाना नाही.

३. आपल्या कक्षाच्या कामाला माझा विरोध आहे असा समज होऊ नये. द्राक्षसंघाचे तळघर दहा वर्षे बंद पडले होते, उंदीरसुद्धा सोडून गेले होते. ते आपण नवउद्योगांना दिले. आज तिथे अकरा कंपन्या आहेत. एक ऑलिव्हवरच्या माश्या मोजते, एक बाहेरच्या पाहुण्यांशी सात भाषांत बोलते आणि सातही भाषांत त्यांना चुकीच्या रस्त्याला लावते. तरुण पोरे परत आली, बंद घरांच्या खिडक्या उघडल्या, बेकरी पुन्हा रोज चालू झाली. माझी लोरेदाना मिलानहून नऊ वर्षांनी परत आली. दर रविवारी मुलगी समोर बसून जेवणार म्हटल्यावर तो पट्टा मी कुत्रीच्या काय, स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला असता.

४. पट्ट्याची हकीकत अशी. लोरेदानाच्या कंपनीला यंत्राला ट्रफल शिकवायचे होते. त्यासाठी खोऱ्यातल्या तेवीस जणांच्या कुत्र्यांना पट्टे बांधण्यात आले. कुत्रा कुठे फिरला, कुठे थांबला, कुठे उकरले, आणि मालकाने खड्ड्यातून काही उचलले का, हे सगळे पट्टा टिपून घेतो. नेराला नऊ नंबर मिळाला. मी त्याच वेळी विचारले होते, की जागेचे काय? त्यावर संदर्भ क्र. २ चे आश्वासन मिळाले, ते शब्दशः असे : "बाबा, ते जागा शिकत नाही हो, मातीचा स्वभाव शिकतं. तेवीस जणांचं सगळं एकत्र मिसळतं. तुमचं काय आणि रोमिल्दोकाकांचं काय, माझं मलासुद्धा ओळखता येणार नाही." मी विश्वास ठेवला. मुलीवर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? दोन हंगाम मी नेराला घेऊन सातही जागी प्रामाणिकपणे फिरलो. सातवीला तर मुद्दाम दोनदा, म्हणजे पोरीचे यंत्र नीट शिकेल.

५. दि. १४ सप्टेंबर रोजी तळघरात समारंभ झाला. मी लग्नाचा कोट घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. नगराध्यक्ष म्हणाले, "आपलं खोरं आता जमिनीखालचंही बघायला लागलंय!" टाळ्या पडल्या. मग भिंतीएवढ्या पडद्यावर खोऱ्याचा नकाशा आला. सगळा हिरवा, आणि त्यात लाल ठिपके. मी मोजले. सात होते. सातवा गिरणीच्या पाटाशी.

माझ्या शेजारच्या बाई टाळ्या वाजवत होत्या, म्हणून मीही वाजविल्या.

६. उरलेल्या बावीस जणांच्या जागा कुठे गेल्या, हा प्रश्न आपणांसही पडला असेल. त्याचे उत्तर मला त्याच संध्याकाळी खानावळीत मिळाले. माझा चाळीस वर्षांचा सोबती रोमिल्दो याने आपला पट्टा दोन हंगाम मेव्हणीच्या बकरीला बांधला होता. एकाने तो टपालाच्या गाडीखाली अडकविला. एक जण कुत्र्याला रोज कबरस्तानाला प्रदक्षिणा घालून आणत असे. आपल्या कार्यालयाने 'स्थानिक जाणकारांचे बहुमोल सहकार्य' म्हणून ज्याचा अहवालात गौरव केला, ते हे. रोमिल्दो सगळ्यांसमोर मला म्हणाला, "म्हणजे तू खरंच खऱ्या जागी गेलास? अरे येड्या, तुझ्या बापानं तुला शिकवलं तरी काय? पट्टा सरकारी, पोरं शहरातली, आणि तू सरळ घरात नेऊन बसवलंस त्यांना!" सगळे हसले. बावीस खोट्यांत यंत्राला खरे सापडले ते फक्त माझ्याकडे. एवढे हुशार यंत्र बनविल्याबद्दल मी माझ्या मुलीचे अभिनंदन केले पाहिजे, असे तेथे एकाने सुचविले.

तोच नकाशा फोनवर दाखविणारे कंपनीचे ॲप सुरू झाल्यावर हेच बावीस जण पहिल्याच सकाळी माझ्या जागांवर हजर होते. सर्वांत पुढे रोमिल्दो. बकरी घरी ठेवून आला होता.

७. आज त्या जागांची स्थिती अशी : पहिल्या चार ठिकाणी रानडुकरे परवडली अशी खणाखणी झाली आहे. पाचवीत कुदळी चालल्या. सहावीत कुणीतरी तंबू ठोकला. सातव्या जागी पॉपलरची मुळे उघडी पडली आहेत आणि एकही खड्डा बुजविलेला नाही. मी गेलो तेव्हा नेरा त्या खड्ड्यांच्या कडेला बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. खड्डे मी बुजविले. एकटाच होतो, वाकून वाकून पाठ धरली, आणि महोदया, मी रडलो. हे अर्जात लिहू नये असे मला सांगण्यात आले होते.

८. येथपर्यंत घडले ते परक्यांनी केले असे समजून मी गप्प राहिलो असतो. परंतु त्या समारंभानंतर दोन दिवसांनी लोरेदाना घरी आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "बाबा, मला ऑगस्टमध्येच कळलं होतं. बाकीचे पट्टे सगळे रिकामे निघाले. जे काही होतं ते नऊ नंबरचं. पण तारीख ठरली होती हो, पाहुण्यांना बोलावणी गेली होती, सहा जणांचा पगार त्यावर होता. मी काय करणार होते?" ती तारीख आपल्या कार्यालयाने ठरविली होती, हे येथे नम्रपणे नमूद करतो. मी तिला विचारले, की ऑगस्टमध्ये कळले, मग मला का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला असता." बरोबर आहे. म्हणालो असतो.

ऑगस्टच्या अखेरीस तिला कळले, तेव्हापासून समारंभापर्यंत तीन रविवार आले. तिन्ही रविवारी ती माझ्यासमोर बसून जेवली. एकदा तर वाढून घेतले. मी तिला मालवाझिया वाइन ओतून दिली आणि विचारले, काम कसे चालले आहे? म्हणाली, "छान." जागा गेल्या त्याचे दुःख आहेच, पण हे तीन रविवार मला गिळता येत नाहीत. रोमिल्दोने फसविले तर त्याच्या नावाने बोटे मोडता येतात. येथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. दाद कुणाकडे मागायची, म्हणून आपणांकडे मागत आहे.

९. आपल्या पत्रात म्हटले आहे, की एका पट्ट्याच्या फेऱ्या यंत्रातून वेगळ्या काढणे म्हणजे शिजलेल्या सूपमधून मीठ वेचून काढणे होय. पत्रासोबत मला 'माहिती-सहयोगी' असे सन्मानपत्र आणि नेराचे चित्र असलेला कप मिळाला, त्याची पोच देत आहे. नेराला चित्र पसंत नाही. शिवाय ॲपकडून मला दर आठवड्याला फोनवर संदेश येतो : "प्रिय एल्विनो, तुमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, गिरणीच्या पाटाजवळ, ट्रफल मिळण्याची दाट शक्यता आहे. एकदा जाऊन पाहाच!" हे संदेश बंद करण्यासाठी मी तीनदा कळविले. तिन्ही वेळा यंत्रानेच उत्तर दिले, आणि शेवटच्या वेळी तर मला नवशिक्यांच्या वर्गात येण्याचे आमंत्रण दिले.

१०. तरी माझी विनंती अशी, की नऊ नंबरच्या फेऱ्या काढून टाकाव्यात. ते शक्य नसल्यास उरलेल्या बावीस जणांना, बकरी सोडून, आपापल्या खऱ्या जागी शपथेवर फिरविण्यात यावे, म्हणजे नकाशा सगळाच लाल होईल आणि माझे सात ठिपके त्यात हरवतील. तेही शक्य नसल्यास गिरणीच्या पाटाजवळची जागा नकाशावर कबरस्तान म्हणून दाखवावी. त्यात फारसे खोटे नाही.

११. यांपैकी काहीच होणार नसेल तर एक शेवटची नोंद तरी घ्यावी. त्या सात जागा मी लोरेदानासाठीच राखल्या होत्या. दुसरे कुणी नव्हतेच. माझी वेळ आली की नर्सला बाहेर काढायचे, पोरीला वाकायला सांगायचे आणि सांगून टाकायचे, एवढे माझे ठरलेले होते. आवाज गेला तर तळहात होता. चार-पाच वर्षे थांबली असती तर सगळे तिचेच होते. आता मी कुणाला बाहेर काढू, आणि तिच्या कानात सांगू काय? त्यामुळे कार्यालयाने अशी नोंद घ्यावी, की माझ्या वारसास तिचा वाटा माझ्या हयातीतच, खोऱ्यातल्या सर्व ग्राहकांसोबत, पोहोचला असून माझ्या अखेरच्या वेळी तिला बोलाविण्याचे कारण उरलेले नाही.

१२. वरील शेवटचे वाक्य रागाच्या भरात लिहिले गेले. ते मी मागे घेतो. शाईने लिहिल्यामुळे खोडता येत नाही, आणि माझ्याकडे दुसरा कागद नाही. तरी आपण ते वाचले नाही असे समजावे, आणि अर्जाची प्रत लोरेदानाच्या कंपनीला जाणार असल्यास तिनेही ते वाचू नये, ही विनंती. मात्र शिकलेले विसरता येत नाही, हे संदर्भ क्र. १ मध्ये आपण कळविलेच आहे.

आपला, आणि नकाशावर आता सर्वांचाच, नम्र,
एल्विनो प्रोदान
माला ग्राबा, दि. ३ डिसेंबर

सोबत :
१) परवान्याची प्रत.
२) सातव्या जागेचे दोन फोटो, खड्डे बुजविण्यापूर्वीचा व नंतरचा.
३) सन्मानपत्र, परत. (कप ठेवून घेतला आहे. लोरेदाना रविवारी आली तर तिला कॉफीला लागेल.)
४) पट्टा क्र. ९.