लिंबाचे डाग

प्रिय आबा,

काल सुमनकाकू साखऱ्याहून एसटीनं हिंगोलीला आली आन् नीट माझ्या दुकानात शिरली. तिच्या गजाचं लगीन ठरलंय, पुढच्या आठवड्यात हळद हाय. "आबाची कट्यार दे बाबा," म्हणली. घरात कुणाला सांगायची सोय न्हाई, म्हणून तुमाला लिहायला बसलो.

कट्यार माझ्यापाशी न्हाई आबा. तुमचं वर्षश्राद्ध उरकलं आन् मी ती विकली.

माझा धंदा तुमाला कधी पटलाच न्हाई. हिंगोलीत जुन्या काळी छावणी होती, त्यामुळं घराघरांतून पितळी बटनं, बिल्ले, संगिनी निघतात. मी ते सगळं घेतो आन् शौकिनांना विकतो. "लोकाच्या अडगळीत तोंड घालून पोट भरतो का रे?" असं तुमी चारचौघांत म्हणायचे. मी हसण्यावारी न्यायचो. पण खंडेनवमीला माझ्या दुकानातल्या तलवारींना हळदकुंकू लावायला कोण यायचं? तुमीच ना!

साखऱ्यात कुणाचंबी लगीन असो, नवरदेवाच्या हातात कट्यार आपलीच. टोकाला लिंबू तुमी सोता टोचून द्यायचे. आन् लगीन लागलं की नवरानवरीनं जोडीनं ती परत आणून द्यायची, हा तुमचा दंडक. माझ्या लगनात घोड्यावरून उतरता उतरता माझं लिंबू गळून पडलं, आठवतं का? तुमी असे डोळे वटारले की मंगलाष्टकं संपेपर्यंत मी मान वर केली न्हाई.

लिंबाच्या रसानं पातं जागोजागी काळं पडलं होतं. एकदा मी राख घेऊन घासायला बसलो, तर तुमी ते हिसकून घेतलं. "राहू दे. गावातली सगळी लगनं हायत त्याच्यावर," म्हणले. मला तवा तुमचं हसू आलं होतं.

आन् त्याच डागांवर मी ती विकली.

पुण्याचे एक साहेब आले होते. मालामागं गोष्ट नसली तर आमच्या धंद्यात माल हलत न्हाई. त्यांनी पात्यावर बोट ठेवून इचारलं, "हे डाग कसले?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "रक्ताचे. लढाईतली हाय साहेब." तिथं तरी थांबायचं ना? थांबलो न्हाई. कुठली लढाई, कोण सरदार, किती जण आडवे केले, सगळं रचून सांगितलं. साहेब खूश. आता ती त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत हाय, येणाराजाणाराला दाखवतात. फोटोबी पाठवला मला. मी उघडून पाहिला आन् लगेच पुसून टाकला.

जिनं जल्मात लिंबाशिवाय काही टोचलं न्हाई, तिच्यावर मी खुनाचा आळ घेतला आबा. कसं धजावलं माझं मन?

काकूला खरं सांगायची छाती झाली न्हाई. फळीवरची दुसरी कट्यार काढली, चांदीच्या मुठीची. म्हणलो, "ही घेऊन जा काकू, आपलीपेक्षा भारी हाय." तिनं हात मागं घेतला. "नको रे बाबा. हिनं कुणाचा जीव घेतला असंल तर? लेकराच्या हातात काहून देऊ? आबाचीच दे. तिचं मला सगळं ठाव हाय."

मी खाली पाहत म्हणलो, "पॉलिशला दिलीय."

"पॉलिशला काहून? डाग जातील की," म्हणली. तिच्या नवऱ्याच्या लिंबाचा डागबी त्याच पात्यावर हाय. तो माणूस आता न्हाई. मला हे बोलायच्या आधी आठवलं असतं तर बरं झालं असतं.

तुमी तरी मरायच्या आधी एकदा म्हणायचं होतं, ही तेवढी विकू नको म्हणून. पण पोटच्या पोराला असं सांगावं लागंल, हे तुमच्या मनातबी आलं नसंल.

उद्याच्या गाडीनं पुण्याला जाऊन राहिलो. साहेबांसमोर उभा राहून सांगतो, ते रक्त न्हाई, लिंबू हाय. आजवर मी दिलेल्या दर वस्तूवर ते शंका घेतील, शौकिनांत माझं नाव खराब करतील, धंदा बसंल. बसू द्या. पण रक्ताच्या हौशीनं नेलेली वस्तू लिंबाची निघाल्यावर ते कशाला ठेवतील? मला तेवढीच एक आशा हाय.

न्हाईच दिली, तर हळदीच्या आधी काकूच्या दारात जाऊन सगळं कबूल करीन. पण दुसरी कट्यार आपली म्हणून गजाच्या हातात देणार न्हाई. आन् मिळाली, तर लिंबू मीच टोचीन, घट्ट. गजा आन् त्याची नवरी जोडीनं ती परत आणून देतील, तवा पातं न घासता, नवा डाग तसाच ठेवून, तुमच्या फोटोखाली टेकवीन.

तुमचा चुकलेला पोरगा,
बंडू