तिघांची मसूर

सोमवार, ३ फेब्रुवारी
लेकीने आज एक पत्रक हातात ठेवलं. ‘मूल हवं असणाऱ्यांसाठी – कमी खर्चात सकस आहार.’ बाप-लेकीत असलं बोलणं कधी झालं नाही! ही असती तर मी पेपरात तोंड खुपसून बसलो असतो. ही जाऊन पाच महिने झाले.
“बाबा, कामावरून येऊन मला एवढं होत नाही हो. तुम्ही कराल?”
लेक-जावई माझ्याकडेच राहतात. लग्नाला सहा वर्षं. दोनदा आशा लागली, दोनदा गेली. नाही कसं म्हणणार?
वर तिची अट – “मी एकटी नाही खाणार. तुम्ही समोर बसून माझ्याएवढंच खायचं.”
पाच महिने चहा-पावावर काढलेल्या माणसाला ही शिक्षा!

मंगळवार, ४ फेब्रुवारी
बदामाचा भाव विचारला आणि घरी आलो. पत्रक म्हणतं, शेंगदाणे आणि तीळही चालतात. लिहिणाऱ्याचं भलं होवो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
फजिती! माणशी दीडशे ग्रॅम मसूर लिहिली होती. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेचं भांडार सांभाळलं – तराजू काढला, तिघांची अगदी काटेकोर जोखली. शिजायला लागली तशी एक पातेलं भरलं, मग दुसरं, मग कढई! पत्रकाच्या मागे बारीक अक्षरांत – ‘वजन शिजवल्यानंतरचं.’
शेजारच्या शिंप्याला डबा नेऊन दिला. “काका, लग्न काढलंय की काय?”
लेक हसता हसता जमिनीवरच बसली. मीही हसलो. मग हिच्या फोटोकडे बघवेना. पण हसू काही थांबेना!

बुधवार, १२ फेब्रुवारी
बाजार उठताना पालेभाजी निम्म्या भावात मिळते. भाजीवाली म्हणाली, “आजोबा, घरात ससे पाळलेत का?”
आजोबा! दोन जुड्या जास्त घेतल्या.

शनिवार, १५ फेब्रुवारी
अंडी उकडली. वास येताच लेक उठून गेली. माझंच काहीतरी चुकलं. उद्या चवळी, वर लिंबू.

गुरुवार, २० फेब्रुवारी
पत्रक म्हणतं, निम्मी जबाबदारी पुरुषाची. जावयाला हे तोंडाने कसं सांगू? ‘सिगारेट’ शब्दाखाली लाल पेन्सिल ओढली आणि पत्रक त्याच्या बुटात खोचून ठेवलं.
संध्याकाळी त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. “सासरेबुवा, लेखीच्या आधी तोंडी तरी घ्यायची!”

रविवार, २ मार्च
पट्टा एक भोक सैल करावा लागला. लेकीने नेमकं पाहिलं. “बाबा, गाल वर आले की!”
अगं, कुणाचे गाल वर यायला हवेत? महिना होत आला. वर गेल्यावर हिला काय तोंड दाखवू?

रविवार, १६ मार्च
लेकीने आज सांगितलं – चौथा महिना लागला.
चौथा! बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर. म्हणजे पत्रक दिलं तेव्हाच तिला ठाऊक होतं. जावयालासुद्धा!
“आधी भीती वाटत होती, म्हणून गप्प राहिले,” लेक म्हणाली. “डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, नीट खा. आईने जाताना सांगितलं होतं, बाबांना जेवायला घाल. एकाच भांड्यात दोन्ही झालं.”
उद्या मसूर. चौघांची. शिजवल्यानंतरच्या वजनाने.