पॅनकेकखालचा डाग

६ एप्रिल १९९७
उजव्या हातावर आज आणखी एक पांढरा डाग. एकूण सात झाले. गेल्या वर्षी तळपायाचा कॅन्सर कापून काढला. तो परत येऊ नये म्हणून आठवड्याला तीन इंजेक्शनं चालू आहेत, त्यांचाच हा प्रसाद. डॉक्टर खूश! अंगातली फौज चामडीच्या रंगावरही तुटून पडतेय, ही चांगली खूण असू शकते म्हणे. त्यांचं काय जातं? त्यांना थोडंच माझ्या अवनीचं लग्न जमवायचंय!

९ एप्रिल
घरात ठरलं — छावनी मोहल्ल्यातल्या चंद्रप्रभाताईंना, म्हणजे अवनीसाठी बोलणी चालू आहेत त्या सौरभच्या आईला, साखरपुड्यापर्यंत काही कळू द्यायचं नाही. आजार कळला तर घाबरतील, आणि डाग दिसले तर कोड समजून सरळ नाही म्हणतील.

१२ एप्रिल
मंडळाच्या नाटकाच्या मेकअपच्या पेटीतलं पॅनकेक, कातडीच्या रंगाचा लेप, मागून आणलं. पहिल्या खेपेला हात भलत्याच बाईचा दिसायला लागला! दुसरी छटा जमली. वर लांब बाह्यांचं ब्लाऊज, या उन्हात. सब्जीवाले भैया म्हणाले, बुखार है क्या?

१३ एप्रिल
चंद्रप्रभाताईंकडे चैत्राचं हळदीकुंकू. डाळ खाल्ली, पन्हं प्यायले, स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होते. जन्मभर हळदीकुंकवाला जातेय आणि अत्तर विसरले! सवयीनं हात पुढे केला. त्यांनी अत्तर चोळलं — रंग त्यांच्या बोटांना, माझ्या हातावर लख्ख पांढरा डाग. त्यांनी माझाच पदर ओढून हात झाकला.

१४ एप्रिल
अवनी बोलत नाहीये. ‘आई, कर दिया ना तुमने!’ एवढंच. खूप रडले.

१५ एप्रिल
शेवटी फोन केला. “कोड नाही हो, कॅन्सर आहे!” — असं ठणकावून सांगणारी जगातली पहिली बाई मीच असेन. पलीकडून एवढंच — बरं, ठेवते. संपलं सगळं.

१७ एप्रिल
दुपारी चंद्रप्रभाताई एकट्याच आल्या, रिक्षानं. दार लावायला सांगितलं. माझा तोच हात धरून स्वतःच्या डाव्या छातीवर ठेवला. सुपारीएवढी गाठ.
“सौरभचं लग्न होईपर्यंत कुणाला सांगणार नव्हते.”
उद्या नऊ वाजता त्यांना माझ्या डॉक्टरांकडे नेतेय.