अकरा नंबरचा बाक

सोमवार, ता. ९ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. घरी सगळे मजेत. माझी तब्येत कानांखाली ठणठणीत आहे. कानांचं शेवटी लिहितो.

आपल्या चर्चला दीडशे वर्षं होताहेत आणि इतिहासाची पुस्तिका माझ्या गळ्यात पडलीय. जन्मभर चर्चच्या कारभाऱ्यांची टिंगल केली, त्याची ही शिक्षा.

त्या निमित्ताने इमारत नव्याने बघतोय. आपल्या प्रेसबिटेरियन पंथात वेदीचा थाट नाही. मधोमध उंच व्यासपीठ, त्यावर आवाज पुढे फेकणारं लाकडी छत. बाकं अर्धचंद्रात, तीन बाजूंना ओतीव लोखंडी खांबांवर सज्जा, खिडक्यांना साधी बिनरंगी काच. बांधणाऱ्यांना एकच ध्यास: पाळकांचा उपदेश प्रत्येकाला दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे. ऐकताना झोप लागू नये, एवढं मात्र त्यांनाही जमलं नाही.

जुन्या इतिवृत्तांत बाबांचा अर्ज सापडला. आपल्या घराचा ठरलेला बाक पूर्वी सज्जाखाली, अंधारात होता. तू तापातून उठलीस ती कान गमावून, आणि बाबांनी खिडकीजवळचा अकरा नंबर मागितला. कारण लिहिलंय, ‘मुलीस पाळकसाहेबांचे ओठ दिसावेत.’ मंजुरीखाली आणखी एक ओळ आहे: ‘पाळकसाहेबांनी आपण होऊन सांगितले की अडचण बाकाची कमी व मिशीची जास्त आहे. ती ते उतरवतील.’

आठवते ना ती झुपकेदार मिशी? ती गेली त्या रविवारी, बायकोने उतरवायला लावली असणार म्हणून अख्खं चर्च हसलं होतं. सगळ्यांत मोठ्याने मी. ते निवृत्त होईपर्यंत ती थट्टा सोसत राहिले, कुणाला एक अक्षर बोलले नाहीत.

आणि मी अकरा नंबरवर बसून काय करायचो? उन्हाने डोळे दिपतात म्हणून कुरकुर. तुझा राग आला की मुद्दाम पाठ फिरवून बोलायचो. तुला कळत होतं. बाबांना तू कधीच सांगितलं नाहीस.

आता कान. डाव्याने गेल्या वर्षी रजा घेतली, उजवाही सामान बांधतोय. कानाचं यंत्रही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. घरात अजून बोललो नाही. लोक हसले की मीही हसतो. माझ्याच विनोदावर हसले असतील, असं धरून चालतो.

हल्ली उपासनेला त्याच अकरा नंबरवर बसतो. उजेड अजूनही नेमका पाळकांच्या ओठांवर पडतो. मला त्यातलं काही वाचता येत नाही. तरी त्या काचेचे, त्या गवंड्यांचे, बाबांचे, त्या बिनमिशीच्या माणसाचे मनातल्या मनात आभार मानतो. आणि तुझे, सगळ्यांत जास्त.

ताई, मला शिकव. एप्रिलात महिनाभर ये. विद्यार्थी वाईट आहे. चिडेन, टोमणे मारेन. तसं झालं तर तू खुशाल डोळे मिटून घे.

यापुढे तुझ्याकडे तोंड करूनच बोलणारा,
तुझा धाकटा भाऊ