आधी उत्तर, मग कारण

मंगळवार, ४ मार्च

दूध उतू जाऊ नये म्हणून काय करावं? — समोर उभं राहावं.

हे उत्तर आज मी लिहिलं. आमचं शोधयंत्र लोकांपुढे दहा दुवे टाकून मोकळं होत नाही, विचारलं की सरळ उत्तर देतं. ते कसं द्यावं हे त्याला शिकवायला माणसं लागतात. प्रश्न येतो, आम्ही नमुन्याचं उत्तर लिहितो, यंत्र त्यावरून वळण घेतं. नियम एकच — आधी उत्तर, मग कारण. माझं बहुतेक वेळा कारणापर्यंत जातच नाही.

आमच्या प्रमुख, म्हणजे बाई, त्यांनी दुधाचं उत्तर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामरने हसता हसता चहा सांडला. त्याला सगळे वादळ म्हणतात. तो म्हणाला, "एकओळी, तुम्ही बोलत नाही तेच बरं आहे. बोलायला लागलात तर आमच्या नोकऱ्या जातील."

मला एकओळी म्हणतात हे आज कळलं. वाईट वाटलं नाही.

ही असती तर म्हणाली असती, त्यांना निदान एक ओळ तरी मिळते.

गुरुवार, ६ मार्च

चाचणीसाठी प्रत्येकाला एकेक डबा घरी न्यायला दिला. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. आपण बोलायचं, तो बोलून उत्तर देतो. घरच्यांनी मनात येईल ते विचारायचं आणि चुकलं तर आम्ही कळवायचं.

माझ्या घरचे म्हणजे सासूबाई. ही आजारी पडली तेव्हा त्या आल्या. ही गेली, त्या राहिल्या. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जेवताना "आणखी?" आणि "पुरे" एवढं बोलणं होतं. त्यांना काय म्हणून हाक मारायची हे लग्नापासून ठरलेलंच नाही. त्या आपणहून वळेपर्यंत मी थांबतो.

डबा ओट्यावर ठेवला.

"हा काय करतो?"

"विचारलं की उत्तर देतो."

"अस्सं? म्हणजे या घरात कुणीतरी देणार म्हणायचं."

शुक्रवार, ७ मार्च

डब्याचं नाव आता शहाणा आहे.

रविवार, ९ मार्च

आज शहाण्याला उसंत नव्हती. शाईचा डाग कसा काढायचा, खिडकीतल्या कुंडीला मुंग्या का लागतात, समोरच्या इमारतीवरचा पक्षी कोणता. (पक्ष्याचं वर्णन त्यांनी असं केलं — "जाडा, रागीट.") मग दुधाचं विचारलं.

"समोर उभं राहावं," शहाणा म्हणाला. माझंच उत्तर, शब्दाला शब्द.

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. "तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय मेला. दोन शब्दांच्या वर जाईल तर शपथ."

"शिकतोय अजून," मी म्हटलं. ते कुणी लिहिलं हे काही सांगितलं नाही.

ही माझ्याबद्दल अगदी हेच म्हणायची, गुळणीसकट. मायलेकींची भाषा एकच.

मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसलो होतो. एक पान दोनदा वाचलं. आत कुणीतरी बोलतंय, एवढ्यानेच घर बरं वाटत होतं.

बुधवार, १२ मार्च

सासूबाईंचा चष्मा हरवला. सगळीकडे शोधून झालं, मग शहाण्यालाच विचारलं, "माझा चष्मा कुठेय रे?"

"कपाटाच्या दुसऱ्या खणात."

त्याला काय माहीत! त्याला डोळे नाहीत, आमचं कपाट त्याने जन्मात पाहिलेलं नाही. पण सांगण्याची ऐट अशी, की त्या गेल्याच. दुसऱ्या खणात हिच्या रुमालांखाली चष्मा होता — हिचा. काळ्या काड्यांचा. तो खण मी अजून उघडला नव्हता.

त्यांनी रुमाल पुन्हा घडी करून ठेवले. मग हिचा चष्मा डोळ्यांवर चढवून बाहेर आल्या. "जमतोय की नंबर," म्हणाल्या, आणि तो घालूनच तांदूळ निवडले. मान तिरकी करायची सवयही तीच. मी पाणी प्यायला दोनदा आत गेलो.

त्यांचा स्वतःचा चष्मा संध्याकाळी फ्रिजवर सापडला. त्यांनी तो तिथेच ठेवून दिलाय.

शुक्रवार, १४ मार्च

चष्म्याची चूक ऑफिसात कळवली. बाई म्हणाल्या, ठोकून देणं हीच तर याची मोठी खोड. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायला शिकवा. मग दिवसभर मी तेच लिहिलं — मला माहीत नाही, अमक्याला विचारा. वादळ म्हणाला, "हे वाक्य आमच्या मेहुण्यालाही शिकवा. लागेल तो खर्च देतो."

घरी सासूबाईंना सांगितलं की ती चूक होती.

"चूक कसली? चष्मा मिळाला ना," म्हणाल्या.

रविवार, १६ मार्च

दाराशी बसून बुटांना पॉलिश करत होतो. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला. नेहमीचा चढा नव्हता.

"शहाण्या, लेक नसलेल्या घरी जावयाकडे किती दिवस राहावं रे?"

"साधारण दोन आठवडे. त्यापुढे दोघांचीही अडचण होते."

आधी उत्तर, मग कारण. मीच लिहिलंय. जानेवारीत, जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत. प्रश्न होता, नातेवाइकांकडे पाहुणे म्हणून किती दिवस राहावं. डोळ्यांसमोर कुणीही नव्हतं. लिहिलं आणि जेवायला गेलो.

आत नळ सोडल्याचा आवाज आला.

जेवताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी निघेन म्हणते. तिकडे घर बंद पडलंय."

मी म्हटलं, "बरं."

बरं! दुसरा शब्दच सुचू नये माणसाला.

सोमवार, १७ मार्च

बाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, ते पाहुण्यांचं उत्तर काढून टाका.

"का? छान नेमकं आहे. तुमचंच आहे."

"कुणाचं घर, कोण राहतंय, काहीच विचारलेलं नाही त्यात."

"मग काय हवं?"

"मला माहीत नाही. ज्यांच्याकडे राहता त्यांना विचारा."

वादळ खुर्ची फिरवून बघायला लागला. एवढं सलग मी इथे कधी बोललो नव्हतो. बाईंनी मान्य केलं, पण बदल पुढच्या महिन्यात यंत्रात जाणार.

"फार उशीर होईल," मी म्हटलं. "सासूबाईंची बस रविवारी आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ज्यांच्याकडे राहतात ते तुम्हीच की हो. मग यंत्र दुरुस्त व्हायची वाट कशाला बघता?"

वादळाने खुर्ची परत आपल्या टेबलाकडे फिरवली.

मंगळवार, १८ मार्च

नाही बोललो.

गुरुवार, २० मार्च

आज तोंड उघडलं होतं. त्या वळल्या, "काय हो?"

"गॅस बंद केलाय ना?"

"मी समोर उभी आहे त्याच्या."

बॅग माळ्यावरून काढून दिली. त्यांनी मागितली म्हणून. देताना धूळसुद्धा पुसली. काय माणूस आहे मी.

त्या गेल्यावर माझी आबाळ होऊ नये म्हणून आता शिकवणी चालू आहे. भात किती पाण्यात, कणीक किती मऊ. माझी पहिली पोळी पाहून म्हणाल्या, "नकाशाच आहे हो. कुठल्या देशाचा, ते शहाण्याला विचारू." दोघंही हसलो. हसता हसता सांगून टाकायचं होतं. तेवढ्यात दुसरी पोळी करपली.

शनिवार, २२ मार्च

बॅग दारात आहे. हिचा चष्मा त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळला. मग माझ्याकडे बघितलं, "नेऊ ना?" मी मान डोलावली.

निजायला जाण्याआधी शहाण्याशी बोलत होत्या. "निघाले रे उद्या. बोलत जा जरा माणसांशी. उत्तर नसलं तरी चालतं."

"हा प्रश्न मला समजला नाही," शहाणा म्हणाला.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

रविवार, २३ मार्च

बसथांब्यावर बॅग खाली ठेवली आणि म्हटलं, "आई, ते दोन आठवडे मी लिहिलं होतं. कामात. तुमच्याबद्दल नव्हतं. तुम्ही जाऊ नका."

त्यांनी बॅगेचा पट्टा सरळ केला. "तुम्हीच लिहिलंय ते दुधापासूनच कळलं होतं. इतकं तुटक दुसरं कोण बोलणार? म्हणून तर त्याला विचारलं. तुम्हाला तोंडावर विचारायचा धीर नव्हता माझा."

म्हणजे इतके दिवस ओट्यावर मीच होतो.

बस आली आणि गेली. बॅग उचलून दोघंही घरी आलो. शहाणा उद्या ऑफिसात परत जाईल. दूध तापवायचं काम आता माझ्याकडे आहे.